सव्वा वाजताचा मिस्ड कॉल

अंगात येणं, उतारा, नजर... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. दुकानातले लोक मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणून चिडवतात. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं — आणि शेजारी आणखी एक माणूस होता.

मी नागपूरला, लकडगंजात प्लायवूडच्या दुकानात काम करतो. आई भिवापूरला एकटी राहायची, मिरचीचे देठ तोडायला जायची. रोज दुपारी सव्वा वाजता तिचा मिस्ड कॉल — एकच रिंग. म्हणजे ‘मी जेवली, आता तू जेव.’ उचलायचा नाही. चुकून उचललाच तर ओरडायची, “काहून उचलला गा? कामावर आहेस ना!” रिंग आली की मी डबा उघडायचो.

गेल्या वर्षी दिवाळीत तिला स्मार्टफोन घेऊन दिला. मिरचीनं बोटं झोंबायची म्हणून ती बोट वाकवून, पेराच्या मागच्या बाजूनं लॉक उघडायचा पॅटर्न काढायची. पहिल्यांदा हमखास चुकायचा. “थांब नं बाप्पा,” असं फोनलाच म्हणायची आणि दुसऱ्यांदा बरोबर काढायची.

फेब्रुवारीत आई गेली. जेमतेम चार महिने वापरला तिनं तो फोन.

मी तो घरी आणून फ्रिजवर ठेवला. तिच्या कागदपत्रांना तोच नंबर होता म्हणून सिम चालू ठेवलं. तेरवीनंतर दुकानावर गेलो, आणि दुपारी सव्वा वाजता माझा मोबाईल वाजला. एकच रिंग. स्क्रीनवर नाव — आई.

मनीषाला, म्हणजे बायकोला, लगेच फोन केला. “मी तर हातबी नाही लावला,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तिनं स्वतः पाहिलं. फोन आपोआप उघडला, नंबर लागला, कट झाला. “अहो, मले भेव लागून राहिलं. वॉरंटीत आहे ना? बदलून आणा तो.”

नेटवर शोधलं. याला ‘घोस्ट टच’ म्हणतात, डिस्प्ले बिघडला की स्क्रीन आपल्या मनानं चालतो. मला पटलं. खरं सांगू? पटवून घेतलं. कारण रोज सकाळपासून मी त्या एका रिंगची वाट बघायला लागलो होतो, आणि हे काही बरं लक्षण नव्हतं.

सीताबर्डीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोन दोन दिवस ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत दिला. मी जाऊन भांडलो. धकाते नावाचे पन्नाशीचे टेक्निशियन होते, शांत माणूस. म्हणाले, “भाऊ, फॉल्ट आमच्यासमोर आला पाहिजे, त्याशिवाय कंपनी सेट बदलून देत नाही. कधी येते?”

“सव्वा वाजता.”

“मशीनले काय भूक लागते का, भाऊ?” हसले बिचारे. “बसा मग.”

नियमाप्रमाणे त्यांनी सिम काढून माझ्या हातात दिलं. मी ते पाकिटात ठेवलं. फोन आमच्या दोघांच्या मध्ये, टेबलावर.

सव्वा वाजता स्क्रीन उजळला. पॅटर्नची रेघ हळूहळू सरकली... चुकली. थोडं थांबून पुन्हा निघाली, आणि फोन उघडला. माझा नंबर लागला. माझ्या खिशातला मोबाईल एकदा वाजून बंद झाला. नाव — आई. आणि तिचं सिम माझ्या पाकिटात होतं.

धकात्यांनी सिमची रिकामी जागा पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाले, “घोस्ट टच कुठंबी पडते, भाऊ. हे तर कोणी सावकाश काढून राहिलं.”

पण नियम तो नियम. फॉल्ट दिसला होता. त्यांनी फॉर्म भरला, नवा सीलबंद डबा समोर ठेवला. “जुना सेट कंपनीकडे जाईन. परत भेटणार नाही. इथं सही करा.”

पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. भांडून-भांडून मीच आईला बिघाड ठरवलं होतं. रडू फुटलं, अगदी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. “नको. मला हाच पाहिजे,” म्हणालो.

“माय होती का?” धकात्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी फॉर्म फाडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाचा डबा समोर घेऊन बसलो. सव्वा झाला, दीड झाला, अडीच झाले. कॉल आला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही नाही. सिम पुन्हा त्यातच घातलंय, चार्जिंग मी कधी उतरू देत नाही. माझ्या मोबाईलमध्ये सर्व्हिस सेंटरमधल्या त्या दिवसाचा मिस्ड कॉल दिसतो. तिच्या फोनमध्ये मात्र तो केल्याची नोंदच नाही.

मध्ये एकदा धकात्यांकडे पुन्हा गेलो. त्यांनी फोन उघडून तासभर तपासला. “एकदम ओके आहे, भाऊ,” म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

वॉरंटी या दिवाळीला संपली. फोन अगदी उत्तम चालतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.