आधी चहा, मग दुखणं

"आधी चहा, मग दुखणं." हा आमच्या शेल्टरचा पहिला नियम. तो का, असं कधी विचारायचं नाही, हा दुसरा.

दोन्ही नियम नलूआत्याचे. नलूआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिने घाटकोपरला वर्षानुवर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवलं. ते बंद केल्यावर त्याच तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने रस्त्यावरून उचललेल्या मांजराच्या आजारी पिल्लांचं शेल्टर काढलं. सोफा तोच, कपबश्या त्याच, आणि पद्धतही तीच! पिल्लू दत्तक घ्यायला कोणी आलं की आधी चहा द्यायचा. पिल्लू मांडीवर ठेवायचं. ते घुरघुरायला लागलं, की मग हळूच त्याचं दुखणं सांगायचं. जमलं तर सांगायचंच नाही.

"एकदा घरात गेलं की जीव लागतो गं," आत्या म्हणते. "माणसांचीही मी अशीच जमवली."

कॉलेज संपल्यापासून मी इथे मदतीला येते. मांजराचे केस काळ्या कुर्त्यावर जमतात ना, तसे हे किस्से जमत जातात. कितीही झटका, चिकटून राहतात.

*

पहिला धक्का मला माझ्या पहिल्याच रविवारी बसला. बोरिवलीचं कुटुंब आलं होतं. नवरा, बायको आणि जाड चष्म्याची आजी. त्यांना दाखवायच्या पिल्लाचा एक डोळा इन्फेक्शनमुळे काढून टाकलेला, वरून टाके घातलेले. आत्या पिल्लू घेऊन सोफ्याच्या अशा कोपऱ्यात बसली, की पाहुण्यांना फक्त चांगली बाजू दिसावी! मी गारच. वर आत्या म्हणते कशी, "फोटो साइडनेच घ्या, छान येतो."

चहा संपत आला आणि पिल्लाने मान वळवली.

आजी पुढे वाकली. "अगं बाई, याचा दुसरा डोळा कुठाय?"

आत्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "झोपलाय."

आता भांडण होणार, म्हणून मी तयारीत. आजीने शांतपणे चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "माझाही ऑपरेशन झाल्यापासून झोपलेलाच आहे. आण इकडे त्याला!"

*

एक बाई फोनवर: "आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही हां. शुद्ध शाकाहारी पिल्लू मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल ना. पण त्याला ससा म्हणतात."

आत्याने त्या दिवसापासून मला फोन उचलू दिलेला नाही.

*

तिपाई तीन पायांची. गाडीखाली आली होती, मागचा एक पाय गेला. आता हे कसं लपवणार? पण आत्याने लपवलं! तिला बाळासारखी दुपट्यात गुंडाळली आणि अंधेरीच्या एका जोडप्याच्या हातात दिली. "थंडी वाजते तिला. घरी जाऊनच सोडा."

दोन-चार दिवसांत जोडपं परत. मला वाटलं, आता पोलीसच आणतात. पण नवरा म्हणाला, "पायाचं काही नाही हो, ती मस्त उड्या मारते. पण आमचे वास्तूवाले म्हणतात, घरात अपूर्ण अंग नको."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने त्याच्या गळ्यातल्या गणपतीच्या लॉकेटकडे बोट केलं. "यांचा एक दात अर्धा आहे. यांना कुठे परत केलंत?"

नवऱ्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. बायकोने तिपाईला उचललं. चहासुद्धा न घेता गेले.

खरं सांगते, त्या दिवशी मला आत्याचा अभिमान वाटला. तो पुढच्याच आठवड्यात उतरला.

*

झालं असं, की खारदांड्याच्या एक मासळीवाल्या मावशी आल्या. त्यांनी कोपऱ्यात बसलेला एक बोका निवडला. त्याची किडनी नाजूक होती. खारट काहीही वर्ज्य. आत्याने चहा पाजला, बोक्याचे गुण गायले आणि किडनीचं बोलायची "विसरली".

मावशींनी लाडाने त्याला रोज मूठ मूठ सुकट घातली.

तो मरता मरता वाचला. डॉक्टरांकडून मावशी तडक आमच्याकडे आल्या. बोका काखेत, सलाईनची पट्टी त्याच्या पायाला तशीच. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जात होता. "माझ्या हाताने मी त्याला मारत होते! एक शब्द बोलता आला नाही तुम्हाला?"

आत्या घाबरून म्हणाली, "बसा ना मावशी, चहा टाकते."

"चहा नको!" मावशी दारातूनच ओरडल्या. "तुमचा चहा घेतला की माणूस फसतो!"

बोका मात्र त्यांनी परत दिला नाही. घट्ट धरून घेऊन गेल्या.

मला वाटलं, आता तरी नियम मोडेल. आत्या म्हणाली, "बघितलंस? जीव लागला की नाही?"

*

आता टिकली. पांढरी, कपाळावर काळा ठिपका. टिकलीला फिट येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी बघितली आणि मी हसायलाच लागले. तेच औषध मी नववीपासून घेते! माझी अख्खी, तिची पाव. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी एकदमच घेतो. मी पाण्याबरोबर, ती मला बोचकारून.

घरी पाहुणे आले की आई माझ्या गोळ्यांची स्ट्रिप रव्याच्या डब्यात लपवते. नलूआत्याचीच बहीण शोभावी, आहे मात्र भावजय.

माझ्या सुट्टीच्या दिवशी आत्याने टिकलीला मुलुंडच्या एका घरी देऊन टाकलं. फिटचं सांगितलं नाही, आणि गोळीही दिली नाही. "गोळी दिली की विचारतात, कशाची!"

टिकली खोक्यातून परत आली. अंगात त्राण नाही, मान टाकलेली. तिथे हळदीकुंकू चालू असताना तिला फिट आली. आणि त्या लोकांनी काय करावं? चप्पल हुंगवली! एवढ्याशा पिल्लाला!

शाळेच्या मैदानावर पीटीच्या सरांनी मलाही हुंगवली होती. तो वास मी अजून विसरलेले नाही.

"चप्पल?" मी किंचाळले. "चप्पल हुंगवलीत तुम्ही तिला?"

खोकं घेऊन आलेले मुलुंडचे काका दुखावले. "ताई, नवी कोरी होती. ब्रँडेड."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, टिकलीच्या गोळीत पुन्हा खंड पडला तर ती वाचणार नाही. मी आत्याला म्हटलं, "यापुढे हिला द्यायचं तर आधी सांगून द्यायचं."

आत्या म्हणाली, "सांगून कोण नेतं गं? तू मध्ये पडू नकोस. तुझंही मलाच जमवायचंय."

*

गेल्या रविवारी चेंबूरहून एक कुटुंब यायचं होतं. मुलाला मांजर हवंय, टिकलीचा फोटो आवडलाय, एवढंच मला माहीत. पोचले तर आई आधीच हजर. काठपदराची साडी, केसांत गजरा! मांजर दाखवायला गजरा?

"केस नीट कर," आई कुजबुजली. "मुलगा बँकेत आहे."

मी आत्याकडे बघितलं. ती कपबश्या पुसत होती. "एका चहात दोन कामं होतात," ती म्हणाली. "आणि दोघींच्या बाबतीत तोंड बंद."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. टिकलीने सरळ जाऊन मुलाची मांडी पकडली आणि गाढवीण घुरघुरायला लागली. आत्याचा चेहरा उजळला.

मुलाच्या आईने टिकलीच्या पाठीवर हात फिरवला, पण बघत होती माझ्याकडे. "गोड आहे हो. काही दुखणंबिखणं नाही ना?"

"छे!" आत्या म्हणाली. "अगदी गुणी."

"निरोगी," आई म्हणाली.

आत्याने मला खूण केली. "जा बाळ, चहा आण."

"नाही."

"अगं, जा ना!"

मी पर्समधून स्ट्रिप काढली आणि सोफ्यासमोरच्या टीपॉयवर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. "हिला फिट येतात. ही गोळी पाव, सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. मलाही येतात. माझी अख्खी. फिट आली तर कुशीवर वळवायचं. चप्पल हुंगवायची नाही. ब्रँडेड असली तरी."

आईचा हात गजऱ्यावरच राहिला. आत्याने कपबशी खाली ठेवली. मुलाचे वडील पंख्याकडे बघू लागले. खोलीत फक्त टिकली घुरघुरत होती.

"दुखणं सांगून झालं," मी म्हटलं. "आता चहा आणू?"