शेजारच्या काकांनी उचललेला ओठ

सिरसाळ्याच्या बाजारात आमच्या शेजारच्या काकांइतकी तोंडे आतून पाहिलेला माणूस दुसरा झाला नाही. बैलाचा जबडा उघडायचा, दात पाहायचे आणि वय सांगायचे, हा त्यांचा धंदा. सवय अशी हाडात मुरलेली, की माणसाशी बोलतानाही त्यांची नजर ओठांखाली असे. दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारसाहेबांना सलाम करून त्यांनी डावी दाढ कधीपासून दुखते, असे विचारले होते. दाढ खरोखरच दुखत होती. काकांच्या स्वतःच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता. का, ते कुणी विचारत नसे.

ताईच्या लग्नाची बोलणी नांदूरघाटला चालली होती. त्याच सुमारास तिच्या वरच्या दोन दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके उमटले. आईला वाटले, कोड. ही बातमी बाहेर गेली असती तर ताईचेच काय, माझेही लग्न व्हायचे नव्हते. वडिलांनी गुपचूप न्हाव्याला बोलावले. तो कानस घेऊन बसला, तेवढ्यात काका आले. त्यांनी बैलाचा उचलावा तसा ताईचा ओठ उचलला आणि ठिपक्यावरून नख फिरवले.

“कोड न्हाई हे. गुळाचा खडा गालात धरून झोपती ही. दात अजून टणक हाय.”

न्हावी म्हणाला, घासले की जाईल.

“माझे असेच घासले तुझ्या बापानं. सालभरात किडले. उचल ती कानस अन् नीघ.”

गूळ बंद झाला. खाल्ले की चूळ आणि दोन वेळा बाभळीची मऊ काडी, तीही हलक्या हाताने. काका रोज सकाळी कुंपणाशी उभे राहत आणि ताई निमूटपणे ओठ वर करी. चार महिन्यांत एक ठिपका दिसेनासा झाला, दुसरा मोहरीएवढा उरला.

तो पाहुण्यांच्या नजरेत आलाच. नवऱ्या मुलाची आत्या काही बोलणार, तोच काकांनी मुलाला तोंड उघडायला सांगितले. त्याच्या दातांवर असे तीन ठिपके निघाले. काका आत्याबाईंना म्हणाले, “ह्याचाबी गूळ बंद करा.” लग्न ठरले.

ताई माहेरी आली की आधी काकांच्या ओसरीवर जाई आणि मूठभर फुटाणे खाई. काकांच्या दाढाही तोवर गेल्या होत्या, त्यांना चावता येत नसत. ते डोळे मिटून कुडुमकुडुम आवाज ऐकत बसत. ताईने आज त्यांचे तेव्हाचे वय ओलांडले आहे. ती फुटाणे खाऊ लागली की आमच्या घरात अजूनही बोलणे थांबते.