सगळ्यांना एकच दाणा

विभावरीताई मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिरल्या तेव्हा काचेच्या टाकीत बुंदीचे दाणे फुगून तरंगत होते आणि त्यांच्यात एक टेट्रा आडवा पडला होता. नखाएवढा मासा. ताईंचे यजमान पुंडलिकराव असते तर तो इतर माशांमध्ये विजेच्या ठिणगीसारखा इकडून तिकडे चमकला असता.

ताईंनी पर्स खुर्चीवर आपटली.

"हे कोणी टाकलं?"

कॅरम खेळणाऱ्यांचे हात थांबले. विभावरीताईंनी उभी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढली होती. रांगेत घुसणाऱ्या माणसाला त्या काचेआडून असा आवाज द्यायच्या की तो मुकाट मागे जायचा. निवृत्त झाल्या तरी आवाज शाबूत होता.

"प्रसाद होता, वहिनी," कोपऱ्यातून मीरा सोनटक्के हळूच म्हणाल्या. "त्यांनाही थोडा द्यावा म्हटलं."

"तुपातली बुंदी? माशांना?"

ताईंनी जाळी घेतली, मासा बाहेर काढला, कागदात गुंडाळला आणि बाहेर पडल्या. कांचघर वस्तीतल्या त्यांच्या घरापर्यंत तो कागद मुठीत होता.

टाकी पुंडलिकराव वैद्यांची. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथवर होते. दिवसभर लोखंड कापून घरी आले की हातपाय धुऊन थेट टाकीपुढे स्टूल ओढायचे. चार डब्यांतून चार प्रकारचं खाणं, तेही चिमटीचिमटीने. त्यातला एक डबा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहायचा, त्यावरून ताई कितीदा तरी कडाडल्या होत्या. मग एका सकाळी पुंडलिकराव अंगणातच छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. दिवसवार झाले, लेक परत पुण्याला गेली आणि रिकाम्या घरात त्या टाकीच्या पंपाची घरघर तेवढी उरली. ताईंना ती सोसवेना. त्यांनी टाकी, मासे, चारही डबे मंडळाला देऊन टाकले. चार लोक बघतील, पोरं खूष होतील. हॉल मोठा आहे.

आणि आता हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेमचंद्रजींना गाठलं. हेमचंद्र देव मंडळाचे सचिव. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा प्लॅस्टिकच्या डब्यांचा कारखाना होता आणि कुठलीही गोष्ट ते ठोकच्या हिशोबाने करत.

"चार डबे कुठे गेले?"

"अच्छा, ते? जुने झाले होते, फेकले. मी हे आणलं ना." त्यांनी टाकीखालून एक जाडजूड पिशवी ओढली. आत वाटाण्याएवढे लालभडक गोळे. "वर्षभर पाहणं नाही. रंगही खुलतो म्हणे."

ताईंनी एक गोळा पाण्यात टाकला. टेट्रांचा थवा झेपावला. एकाने गोळा तोंडात धरायचा प्रयत्न केला, सोडला, दुसऱ्याने धरला, सोडला. मोठ्या, चपट्या एंजल माशाने मात्र तो गिळला. तळाशी दोन मिशीवाले मासे वाळू हुंगत फिरत होते. त्यांच्या पोटाच्या बाजूला खळगे पडले होते.

"हे तळ्यातल्या मोठ्या माशांचं खाणं आहे. या पोरांच्या तोंडात मावत तरी आहे का?"

"वहिनी, मछली तो मछली है," हेमचंद्रजी हसले. "भूक लागली की खातील. तुम्ही काहून एवढा त्रास करून घेऊन राहिल्या?"

त्या हसण्याने ताईंची कानशिलं तापली. "आजपासून यांना मी खायला घालीन. दुसऱ्या कोणाचा हात आत गेला तर बघा!"

"चलो, अच्छा है. आमचं काम कमी झालं."

पण घालायचं काय, हे ताईंना तरी कुठे ठाऊक होतं? चार डबे त्यांनी रोज पाहिले होते, झाकणं कधी उघडली नव्हती. त्या बाजारात गेल्या, दिसेल ते आणलं आणि रागाच्या भरात सगळंच भरपूर टाकलं. उपाशी आहेत बिचारे, खाऊ देत पोटभर. माशांनी खाल्लं त्याहून जास्त तळाशी बसलं. दोन दिवसांत पाणी ताकासारखं गढूळ झालं. एंजलच्या जोडीतली मादी पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडबंद करत राहिली आणि ताईंच्या डोळ्यांदेखत कलंडली.

ती पुंडलिकरावांची लाडकी होती. ते स्टुलावर बसले की ती काचेला येऊन चिकटायची.

घरी येऊन ताईंनी दार लावलं आणि भिंतीवरच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या.

"सांगून जायचं होतं ना! सगळं स्वतःच करायचं. कधी म्हणालात का, विभा, ये, बघ, हे असं असतं? माझ्या हातून मेली ती. माझ्या हातून!"

तेराव्यालाही कोरडे राहिलेले डोळे त्या दिवशी वाहिले. पण ते रडणंही दात-ओठ खाऊनच चाललं होतं.

सकाळी त्या सराफ्याच्या मागच्या गल्लीत गेल्या. तिथे दागिन्यांच्या दुकानांच्या रांगेपलीकडे दुर्वा कानिटकरचं माशांचं दुकान होतं. पुंडलिकराव तिथलंच खाणं आणत, एवढं ताईंना आठवत होतं. दुर्वा चाळिशीची, घरची मराठी, पण बोलायची हिंदी मिसळून.

"वैद्य अंकल की मिसेस? आइए ना, आंटी." काय घडलं ते तिने ऐकून घेतलं. "काय खिलाना है, हे डब्यावर नका पाहू. पहले मुँह देखिए."

"कुणाचं?"

"मछली का."

तिने ताईंना एकेका टाकीपुढे नेलं. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो पाण्याच्या पृष्ठावरचं टिपतो, त्याला तरंगणारा पातळ पापुद्रा द्यायचा, तोही बोटांनी चुरून. टेट्राचं तोंड सरळ समोर, तो मधल्या पाण्यात खातो, त्याला सावकाश बुडणारा बारीक दाणा. मिशीवाल्याचं तोंड खाली, वाळूकडे. त्याला थेट तळाशी जाणारी गोळी, आणि तीही टाकीतला दिवा मालवल्यावर, नाहीतर वरचे दांडगे खाली येऊन पळवतात. काचेला चिकटलेला काळा सकर पालेभाजीवाला, त्याला उकडलेली काकडी. आणि सगळ्यांना मिळून मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढंच.

"एका पाण्यात राहतात म्हणून एक जेवण नाही चालत," दुर्वा म्हणाली. "अंकल यही बोलते थे."

ताईंनी डबे उचलले. हे वाक्य त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते एका परक्या बाईला माहीत होतं, याचाही त्यांना राग आला.

त्या रोज जाऊ लागल्या. थोडं पाणी बदलायचं, सकाळी पापुद्रा आणि दाणा, संध्याकाळी दिवा मालवून गोळी, आणि काचेला चिकटून असलेल्या काळ्या सकरला काकडी. पाणी निवळलं. मिशीवाल्यांची पोटं भरली. टेट्रांचा रंग परतला. टाकीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून लावलं : हात लावू नये. तरीही कोणी चिवडा टाकायचं, कोणी बिस्कीट. ताई ओरडायच्या. लोक पाठीमागे कुजबुजायचे, वैद्य गेल्यापासून वहिनींचं जरा असंच झालंय.

मग कोजागरीचा कार्यक्रम आला. प्रमुख पाहुण्या गीतांजली रणदिवे, छावणीत नुकत्याच बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. हेमचंद्रजी त्यांना हॉल दाखवत टाकीपाशी घेऊन गेले आणि त्यांच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला.

"मॅडम, आपल्या हस्ते यांचंही तोंड गोड करा. पुण्याचं काम आहे."

फोटोवाला पुढे सरसावला. गीतांजलीबाईंनी लाडू कुस्करून हात टाकीवर नेला, आणि विभावरीताईंनी गर्दीतून येऊन तो मनगटाला धरला.

"हात मागे घ्या!"

गीतांजलीबाई अवाक. हेमचंद्रजींचा चेहरा लाल झाला.

"वहिनी! पाहुण्या आहेत त्या! माफी मागा."

"काहून मागू? तुम्ही मागा, या मुक्या जिवांची."

"ग्वारीघाटावर रोज शेकडो लोक नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात. काही होऊन राहिलं का तिथे?"

"नर्मदा वाहते, हेमचंद्रजी! ही टाकी वाहत नाही. यात टाकलेलं यातच सडतं, आणि तेच त्यांना श्वासात घ्यावं लागतं."

ताईंनी पाहुण्यांचं मनगट सोडलं. त्यावर बोटांचे वळ उठले होते. गीतांजलीबाईंनी लाडू ताटलीत ठेवला आणि रुमालाने हात पुसत राहिल्या.

चार दिवसांनी मंडळाची बैठक झाली. लेखी माफी द्या, नाहीतर टाकीचा नाद सोडा, असं ठरलं.

"सोडते," ताई उठून म्हणाल्या. "टाकी तुम्हाला दिली, ती ठेवा. मासे घेऊन चालले."

"दिलेली वस्तू परत घेतात का?"

"वस्तू नाहीत ते. आणि अडवायचं असेल तर या पुढे."

पुढे कोणी आलं नाही. फक्त मीराताई उठल्या. "बादली मी धरते, वहिनी. बुंदी मीच टाकली होती. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नसेल तर विचारायचं असतं," ताई फणकारल्या. पण बादलीचा एक कान त्यांनी मीराताईंच्या हातात दिला.

दुर्वाने दुसरी टाकी आणून लावून दिली. जुन्या पाण्यातलं निम्मं आणि जुन्या फिल्टरचा स्पंज घातला, म्हणजे माशांना परकं वाटणार नाही. दोन दिवस एकाही माशाने काही तोंडात घेतलं नाही. ताई त्यांच्यावरही चिडल्या. "आता काय झालं? खा की!" तिसऱ्या दिवशी दिवा मालवल्यावर मिशीवाला दगडाआडून बाहेर आला आणि गोळीवर तोंड टेकवून हलेचना. ताई जमिनीवर बसून काचेला कपाळ लावून बघत राहिल्या.

मंडळात पाण्याविना टाकी महिनाभर तशीच होती. पोरं येऊन विचारायची, मासे कुठे गेले. अखेर एका रविवारी हेमचंद्रजी स्वतः कांचघरला आले.

"वहिनी, झालं ते झालं. मासे परत द्या ना."

"नाही."

"मंडळातली पोरं रडून राहिली."

ताईंनी त्यांना उंबऱ्यावरच बराच वेळ उभं केलं. "रविवारी सकाळी पाठवा. ज्याला पाहायचे असतील त्याने इथे यावं. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आणि कोणाच्या खिशात खायचं काही दिसलं तर दारातून परत."

पुढच्या रविवारपासून ताईंच्या दारात पोरांच्या चपला दिसू लागल्या. मीराताई यायच्या. एकदा गीतांजलीबाईही आल्या. त्यांनी आणि ताईंनी एकमेकींकडे पाहून मान हलवली, तेवढंच. हेमचंद्रजी सर्वांत मागे, हात पाठीशी, अंग आखडून उभे असायचे. एका सकाळी ताई काकडीची चकती पाण्यात सोडत असताना त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"ही कोणासाठी, वहिनी?"

"त्या काळ्यासाठी," ताई मागे न बघता म्हणाल्या. "आणि हळू बोला. दचकतो तो."