विहिरीकाठचा टिनाचा मांडव

मोजणीला गेलं की लोक माझ्यासाठी खाट टाकतात, चहा आणतात. आसेगावकडच्या भाजीच्या मळ्यात तर मळेवाल्या मावशीनं विहिरीकाठी टिनाचा मांडवच घातला होता. "उन्हात उभं राहून भोवळ येईन तुमाले," ती म्हणाली. मला रोव्हर नेमका तिथेच उभा करायचा होता. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला रिसीव्हर, उपग्रहांचे सिग्नल घेऊन जागा सांगणारा.

विहीर मावशीच्या हद्दीत की शेजाऱ्याच्या, एवढाच वाद होता. तिची वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्याच पाण्यावर. शेजारी धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, हाताची घडी घालून उभा होता.

पहिल्या मापात विहीर शेजाऱ्याकडे गेली. पुन्हा घेतलं तर मावशीकडे आली, मग परत तिकडे.

"मशीन पिऊन आलं काय?" शेजारी म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आणि मग डोक्यावरच्या कोऱ्या टिनांकडे लक्ष गेलं.

"मावशी, सिग्नल मोकळ्या बाजूनं थेट येतो, आणि तोच टिनावर आपटून जरा उशिरा पुन्हा येतो. मशीन दोन्ही खरे धरतं, म्हणून चकतं." हे सांगताना मला चक्क आनंद झाला होता. चूक मशीनची निघावी, एवढंच मला हवं होतं.

मावशीनं स्वतः टिनं उतरवली. एका पत्र्यानं तिचा तळहात कापला, तरी तिनं पदर गुंडाळून ती पार लिंबाखाली नेऊन टाकली.

खालून आपटून येणारे सिग्नल अडावेत म्हणून मी रिसीव्हरखाली धातूची थाळी बसवली, क्षितिजालगतचे उपग्रह वगळले आणि उन्हात थांबलो. आकडे हळूहळू स्थिर झाले. विहीर शेजाऱ्याची. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मोकळ्या वावरात खुणा घेऊन तिथून फीत लावली. तरी तेच. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं, आणि मला रडू येईलसं झालं. इतकी अचूक मोजणी मी जन्मात केली नसेल.

शेजाऱ्यानं हाताची घडी सोडली. विहिरीवरची मोटर चालूच होती, मेथीला पाणी जात होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"टिनं त काढली न भाऊ," ती म्हणाली. "आता अजून काय काढू?"