पावण्यांसाठी फ्लॉवर

मी बी.ए. झालो तेव्हा ग्रॅज्युएट म्हणजे काय, याविषयी आईचं मत ठाम होतं. ज्याला उन्हात राबावं लागत नाही तो ग्रॅज्युएट. पुढे मी गावच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागलो आणि सोसायटीचं पत्र्याचं छप्पर दुपारी असं तापायचं, की आईनं पहिल्याच उन्हाळ्यात ते मत मागं घेतलं.

आमचं गाव नंदगडच्या वाटेवर. लाल भात, नाचणी, मसूर, वांगी, आणि रताळी तर विचारूच नका. आई आणि वाड्यातल्या चार-पाच बायका डोक्यावर बुट्ट्या घेऊन बसनं बेळगावला जायच्या, खासबागेच्या बाजारात बसायच्या. संध्याकाळी जे उरेल ते दलाल म्हणेल त्या भावानं त्याच्या गाडीत ओतायचं, नाहीतर कंडक्टरची बोलणी खात परत आणायचं. आईची मान त्या बुट्टीनं कायम दुखायची.

आणि गंमत अशी, की ज्या सरकारी वसतिगृहात राहून मी शिकलो, ते त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथं आम्हाला कुठून कुठून आलेला तांदूळ आणि ज्यात डाळ शोधावी लागे अशी आमटी मिळायची. तक्रार नाही. त्या आमटीनंच मला माणसात आणलं. पण आईची रताळी बाहेर रस्त्यावर सुकत होती आणि मी आत आमटीत डाळ शोधत होतो, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं.

म्हणून ऐंशी सालानंतर कधीतरी ती योजना आली तेव्हा मी हरखून गेलो. राज्यभरातल्या वसतिगृहांनी जवळच्या गावांतलाच शेतमाल घ्यायचा, कमी पडेल ते दुसऱ्या जिल्ह्यानं पुरवायचं, अशी ती कल्पना. कोणती गावं घ्यायची हे ठरवायला एक समिती जिल्ह्याजिल्ह्यात फिरत होती. गावातच जेवणार, आणि गावात पिकतं तेच खाऊन बघणार. आमचं गाव निवडलं गेलं, तर बायकांचा माल थेट वसतिगृहाच्या दारात उतरणार होता आणि आईच्या डोक्यावरची बुट्टी खाली येणार होती.

मी गावात सभा घेतली. सोसायटीचे चेअरमन म्हणजे गावातले म्हातारे आप्पा. त्यांच्यासकट सगळ्यांना मी दोनदा समजावलं, “आपलंच जेवण करायचं. भाकरी, वांगं, रताळी.” सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या भागात सगळ्यांनी मान डोलावली की काळजी करायची असते, हे मी शिक्षणाच्या नादात विसरलो होतो.

समिती आली त्या दिवशी मी जीपला सामोरा जायला फाट्यावर थांबलो होतो. अध्यक्ष म्हैसूरकडचे, निवृत्त प्राचार्य, पांढरंशुभ्र धोतर. सोबत गुलबर्ग्याच्या बाजूच्या एक सदस्य बाई, हसऱ्या. शेतं बघून झाल्यावर देवळाच्या मंडपात पंगत बसली. पानं वाढली गेली.

पांढराफेक बारीक भात. फ्लॉवरची भाजी. गाजराची कोशिंबीर. बाटलीतलं लोणचं. आणि पानाच्या कोपऱ्यात, देवापुढं ठेवावीत तशी, सफरचंदाची फोड.

मी धावत आईकडं गेलो. “आई, हे काय गं?”

“काय म्हंजे? लांबनं आल्यात माणसं. पावण्यास्नी काय रताळी घालायची? हसतील की!”

“अगं, ती रताळी खायलाच आल्यात!”

“असं म्हनायची रीत असती रं. तू लई शिकलास, पर रीत कळंना तुला.”

मी परत आलो तोवर अध्यक्षांनी कानडीत आप्पांना विचारलं होतं, “हा तांदूळ तुमच्या शिवारातला का?”

आप्पा उठून उभेच राहिले. कानडी त्यांना चांगली येत होती. न येती तर बरं झालं असतं. छाती पुढं काढून म्हणाले, “छे छे, साहेब! आमच्या गावचं या पानात काही म्हणजे काही नाही. सगळं बेळगावास्नं आणलंय. मिठाचासुद्धा नवा पुडा फोडलाय.”

अध्यक्षांनी फ्लॉवरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी सफरचंदाकडं पाहिलं.

सदस्य बाईंनी भात दोन घास चिवडला आणि हात धुवायला म्हणून मागं गेल्या, त्या परत येईनात. अध्यक्षांनी मला बघायला पाठवलं.

मागच्या पडवीत आमच्या बायकांची पंगत बसली होती. शहरी जेवण पावण्यांपुरतंच केलेलं. स्वतःसाठी त्यांनी नाचणीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि चुलीतली रताळी ठेवली होती. त्यांच्या मधोमध बाई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती. “परक्या मुलखात काय मिळेल भरवसा नाही, म्हणून मी घरचंच घेऊन फिरते,” असं त्या खुणा करकरून सांगत होत्या. आईनं ती भाकरी मोडून बघितली.

“पापडच की हा! आमच्यात अशी भाकरी केली तर सासू घराबाहेर काढंल.”

मी जाऊन सांगितलं तसे अध्यक्ष जरा लाजले. मग ड्रायव्हरला हाक मारून त्यांनी जीपमधली आपली पिशवी मागवली आणि ती घेऊन ते पडवीत आले. तिच्यात नाचणीचं पीठ होतं! लॉजवाल्याला याचे, म्हैसूरकडं भाकरीऐवजी खातात ते उकडलेले गोळे करायला सांगून सांगून ते थकले होते.

आईनं पीठ चिमटीत धरून हुंगलं. “ही तर आमचीच नाचणी! मग त्यो भात कशाला चिवडत बसला होता हो तुम्ही?”

मी ते कानडीत सांगितलं. “तुम्ही वाढलात म्हणून,” अध्यक्ष म्हणाले.

त्यानंतर प्राचार्यांनी धोतर खोचलं आणि आमच्या चुलीपुढं बसून स्वतः पीठ ढवळलं. घामाघूम झाले. गोळा तयार झाल्यावर आप्पांना म्हणाले, “चावायचा नाही. नुसता गिळायचा.” आप्पांनी चावला. तो टाळूला असा चिकटला, की गावाची सगळी कैफियत मांडायला आलेले आप्पा बराच वेळ डोळ्यांतून पाणी काढत मुकाट बसून राहिले. गुलबर्ग्याच्या बाई हसून हसून आईच्या खांद्यावर कलंडल्या.

निघताना अध्यक्ष मला म्हणाले, “गाव घेतलं. पण मुलांना मंडपातलं जेवण नको. पडवीतलं पाठवा.” म्हैसूरकडच्या वसतिगृहांना त्यांनी आमची रताळीही मागितली. गुलबर्ग्याहून आमच्याकडं ज्वारी येऊ लागली, पण आईनं तिची भाकरी जाडच थापली.

पहिल्या खेपेला बैलगाडी आणि टेम्पो करून माल माझ्या जुन्या वसतिगृहात पोचला. आईनं हट्टानं स्वतः वाढलं. मी दाराबाहेर उभा होतो. आत जायचं धाडस होईना. जेवणं आटोपल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली. डोक्यावर चुंबळ नव्हती म्हणून मला ती जरा उंच वाटली.

“हसली काय गं पोरं?”

“न्हाय रं. खाल्ली की रताळी. एकानं तेवढं विचारलं, फ्लावर न्हाय काय म्हणून.”

“मग?”

“मग काय? सांगितलं त्याला, ते पावण्यास्नी असतंय. तू काय पावना हाईस? घरचाच न्हवं? खा गप.”