सासूबाईंनंतरचं प्रभुभोजन

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या रसासाठी काळ्या मनुका उकळू लागल्या की मला धुळ्यातला एक उन्हाळा आठवतो. भडगावला सासूबाई अखेरच्या दुखण्यात होत्या आणि मी शिकवत असलेल्या शाळेच्या परीक्षा उरकून जाते म्हणत राहिले. तोवर त्या गेल्या. पुढच्या रविवारी भडगावच्या चर्चमध्ये सगळे भाकरीसाठी वेदीकडे निघाले, पण कोणत्या तोंडाने जाऊ म्हणून मी बाकावरच बसून राहिले. सासूबाईंची शेवटपर्यंत सेवा केलेली माझी धाकटी जाऊ रांग सोडून मागे आली आणि अहिराणीत म्हणाली, "अक्का, मायनी तुमनी वाट दखी, पन रागे नही भरनी. ऊठा आते, मना पाय दुखतस." मी तिचा हात धरून उठले. बाळांनो, त्यानंतरही मी पुष्कळ चुकले, पण आधी चांगली होते आणि मग येते, असं देवाला पुन्हा कधी सांगितलं नाही.