मशीन हललं कसं नाही?

नोकरीतले किती गुन्हे मी विसरून गेलो. दरोडे विसरलो, मारामाऱ्या विसरलो, काही आरोपींची तोंडंही आता आठवत नाहीत. ही एक घटना मात्र मी विसरायची म्हटली तरी माझी कंबर विसरू देत नाही. सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो की ती आठवते, आणि कळ येण्याआधी हसू येतं.

मी तेव्हा तुळजापूर तालुक्यात, हायवेवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. वीस-बावीस वर्षं जीपमध्ये बसून हाडं खिळखिळी झाली होती. त्यात नवरात्राचा बंदोबस्त म्हणजे दिवसदिवस उभं राहणं. सोलापूरच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून वजन कमी करायला आणि रोज व्यायाम करायला सांगितलं होतं. व्यायाम सांगणारा डॉक्टर मला कधीच आवडला नाही.

अशात ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर, खताच्या दुकानावरच्या गाळ्यात एक दवाखाना उघडला. बोर्ड भला मोठा: 'गुडघा, कंबर, मणका. ऑपरेशन नाही. तुमच्याच रक्तातून उपचार.' या उपचाराबद्दल मी पेपरात वाचलं होतं, पीआरपी म्हणतात त्याला. रुग्णाचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी येतं, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग दुखऱ्या जागी सुईनं सोडायचा. गाळ्यातल्या डॉक्टरचा कोट पांढराशुभ्र आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. मी सुई घेतली. आठ दिवस नवरदेवासारखा चाललो! कळ परत आली तेव्हा दुसरी घेतली. मग काय, हजेरीच्या वेळी सगळ्या स्टाफसमोर मी त्याचे गुण गायलो. एका हवालदाराची आई गेली, ठाणे अंमलदाराचे सासरे गेले, बघता बघता तामलवाडी-जळकोटपर्यंतची माणसं यायला लागली. त्याची जाहिरात मी करत होतो, तीही वर्दीत.

एका सकाळी मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो, तेव्हा बाहेर गलका झाला. एक म्हातारी घोड्यावर बसून थेट ठाण्याच्या आवारात शिरली होती. धनगराची आजी, सत्तरीच्या आसपासची, डोक्यावर पदर, हातात काठी. एक पाय ताठ धरलेला. घोडं आल्या आल्या आमचं मेंदीचं कुंपण खायला लागलं. ठाणे अंमलदार म्हणाला, "आजी, पाय दुखतोय तर दवाखान्यात जायचं, इथं काय?"

"दवाखान्यात गेले म्हणूनच दुखतोय. तुमच्या मोठ्या सायबाला बोलवा."

मी बाहेर आलो. दोन महिला शिपायांनी तिला उतरवून बाकावर बसवलं. गुडघा नारळाएवढा सुजलेला.

"सायेब, त्या वरच्या डाक्टरकडं तुमी जाता न्हवं?"

"जातो."

"तुमी जाता म्हणून म्या गेले. समदी म्हणली, पोलिसाला कोण फशिवतंय? सुई घेऊन चार दिस झाले, गुडघा असा झाला. सायेब, त्यो डाक्टर न्हाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर तिचा नाही, तिच्या म्हणण्यातून जो अर्थ निघत होता त्याचा आला. मी म्हणालो, "आजी, सुईनंतर कधीकधी सूज येते. तेवढ्यानं माणूस बोगस ठरत नाही."

"मग त्येचं मशीन हललं कसं न्हाय, ते सांगा."

मला काही कळेना. तिनं काठीनं घोड्याकडे दाखवलं. "आमचं समदं बिऱ्हाड ह्येच्या पाठीवर असतंय. भांडी, मेंढरं कोंडायचं जाळं, कोकरं, समदं. एका अंगाला ओझं टाकलं आन् दुसऱ्या अंगाला न्हाय टाकलं, तर घोडं दहा पावलं बी नीट चालत न्हाय. हेलकांडतंय. त्या डाक्टरनं माझ्या रगताची एकच नळी मशिनीत ठिवली. एकाच अंगाला. म्हणला, लई जोरात फिरतंय. आन् मशीन तर असं गुमान बसल्यालं, मांजर निजल्यागत. लई जोरात फिरणारं एका अंगाच्या ओझ्यानं हललं कसं न्हाय?"

मला माझी नळी आठवली. दोन्ही वेळा एकच नळी, एकच खाच, आणि झाकण लावल्यावर शांत घूं घूं. मी समोर खुर्चीत बसून ते दोनदा बघितलं होतं. गुन्ह्याच्या जागेचे पंचनामे करण्यात माझी निम्मी हयात गेली होती.

"दिवाळी झाली की मेंढरं चाऱ्याला माकणीकडं निघत्यात," आजीचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पंधराव्या वर्सापासनं म्या त्येंच्या मागं चालतीया. पोरगा म्हणतो, आवंदा तू गावातच ऱ्हा. सायेब, घरात बसवलं तर म्या महिन्यात मरंन. ल्ह्यून घ्या तुमच्या वहीत."

मी तिला ताबडतोब सरकारी जीपनं जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. सोबत महिला शिपाई दिली. घोडं मात्र तिचा मुलगा येईपर्यंत जप्तीच्या मोटारसायकलींमध्ये बांधून ठेवावं लागलं.

मग मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं की रक्त फिरवायच्या मशीनमध्ये एकच नळी ठेवली तर काय होतं? तो हसला. त्यानं पाण्यानं भरलेली एक नळी ठेवून मशीन सुरू केलं. दोन सेकंदांत ते खडखडा वाजत टेबलावरून चालायलाच लागलं. त्यानं घाईनं बटण बंद केलं. "साहेब, समोरासमोर सारख्या वजनाच्या दोन लागतात. नमुना एकच असला तर समोर तेवढंच पाणी भरून ठेवतो." सत्तरीची आजी आणि तंत्रज्ञ एकच गोष्ट सांगत होते.

आता अडचण अशी, की मी स्वतःच फसलेला रुग्ण. साक्षीदारानं तपास करायचा नसतो. वरिष्ठांना कळवून तपास मी आमच्या फौजदार बाईंकडे दिला. नोकरीला लागून त्यांना तीनच वर्षं झाली होती, पण बाई पक्क्या. त्यांनी आधी माझाच जबाब घेतला. माझ्याच ठाण्यात, मला समोरच्या लाकडी खुर्चीत बसवून.

"आपल्याला त्या दवाखान्यात जायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच बोर्ड वाचून गेलो."

"आणि आपण किती जणांना जायला सांगितलं?"

"बाई, ते लिहायलाच पाहिजे का?"

"लिहायलाच पाहिजे, सर."

दाराआड सगळा स्टाफ तोंडं दाबून उभा होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब जबाब तो.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत तिसऱ्या सुईसाठी गेलो. दोन पंच रुग्ण म्हणून बाकावर बसले होते. डॉक्टरनं हसून स्वागत केलं, माझं रक्त काढलं, नळी ठेवली, झाकण लावलं. घूं घूं सुरू झालं. ठरल्याप्रमाणे मी मोठ्यानं खोकलो आणि फौजदार बाई आरोग्य अधिकाऱ्यांना घेऊन आत आल्या. झाकण उघडलं. नळी जागच्या जागी, माझं रक्त जसंच्या तसं लाल. ट्रेमध्ये मात्र पिवळ्या पाण्याची सिरिंज आधीच भरून तयार! जागेवर पंचनामा झाला, मशीन आणि सिरिंजा सीलबंद झाल्या.

तरी गडी डगमगला नाही. मशीन आजच बिघडलं म्हणाला. पिवळं पाणी दुसऱ्या रुग्णाचं म्हणाला. पदवीचा कागद परराज्यातला होता, त्याची पडताळणी यायला वेळ लागणार होता. चौकशीत फौजदार बाईंनी तास-दीड तास विचारलं आणि त्यानं प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं दिलं. प्लेटलेट म्हणजे काय, कुठला थर घ्यायचा, सुईनंतर काय पथ्य, सगळं चोख. आरोग्य अधिकारीही म्हणाले, माहिती बरोबर सांगतोय. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मधे बोलायचं नाही अशी मला बाईंची ताकीद होती.

मग बाई उठल्या आणि त्यांनी प्रयोगशाळेतून तंत्रज्ञासकट मागवलेलं खरं मशीन टेबलावर ठेवलं. लाल रंगाच्या पाण्यानं भरलेल्या दोन नळ्या दिल्या. "डॉक्टरसाहेब, एवढं करून दाखवा. आमची शंका मिटेल."

त्यानं नळ्या घेतल्या. मशीनमध्ये वाकून बघितलं. चहाचे कप ट्रेमध्ये ठेवावेत तशा दोन्ही नळ्या त्यानं शेजारी शेजारी ठेवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. मशीन थरथरलं, खडखडलं आणि टेबलावरून सरळ त्याच्याच अंगावर निघालं. तो "अगं आई गं!" म्हणून खुर्चीसकट मागे सरकला. तंत्रज्ञानं पुढे होऊन बटण बंद केलं.

मग तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, मी हाडांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होतो. डॉक्टर पेशंटला रोज समजावून सांगायचे, ते ऐकून ऐकून पाठ झालं. मशीन आतल्या खोलीत असायचं. आत मला कधी जाऊच दिलं नाही." पदवीचा कागद कुठं छापला तेही त्यानं सांगितलं. त्याचं मशीन भंगारातलं निघालं, तळाशी पंख्याची मोटार, नुसत्या आवाजापुरती. पुढे तपासणी अहवाल आला. पिवळं पाणी म्हणजे दुखणं तेवढ्यापुरतं दाबणारं औषध आणि रंगासाठी व्हिटॅमिन. माझं नवरदेवपण आठ दिवस का टिकायचं, ते तेव्हा कळलं.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो. आजीच्या गुडघ्यातला पू काढला होता, सलाईन चालू होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर पाठवलंत. आणखी उशीर झाला असता तर सांधा गेला असता." मी आजीला चौकशीची सगळी हकिकत सांगितली. मशीन कसं चाललं ते वॉर्डात हातवारे करून दाखवलं. म्हातारी इतकी हसली की शेजारच्या खाटेवरच्या बायाही हसायला लागल्या आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली. आजी गावात राहिली नाही, पण चाललीही नाही. मुलानं तिला घोड्यावर बसवून नेलं आणि ती तोंड फुगवून बसली होती, असं कानावर आलं. दर महिन्याला तपासणीला यायची, शिकवलेले व्यायाम वाटेत बांधावर बसून करायची. गुडघ्याचं सगळं नीट बरं झाल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, डॉक्टरांनी खऱ्या पीआरपीचा विषय काढला. त्या दिवशी मीही तिच्यासोबत गेलो होतो. माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "आजी, उपचार खरा आहे, पण जादू नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही. गुडघा फार झिजलेला नाही म्हणून करून बघू. व्यायाम सोडायचा नाही."

आजी म्हणाली, "करा. पर आधी मशीन दावा."

डॉक्टरांनी तिला आत नेलं. एका अंगाला तिच्या रक्ताची नळी, समोर दुसरी. आजीनं दोन्हींकडे निरखून बघितलं. "आता बराबर हाय. फिरवा." मशीन थांबल्यावर वरचं पिवळसर पाणी बघून ती मला म्हणाली, "बगा सायेब, निवळी आली." मग बिनघोर पाय पुढे केला. मी माझ्या कमरेचंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सुई नको. तुम्हाला व्यायाम." पुन्हा तेच!

या गुन्ह्यानं मला जे शिकवलं ते ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. खोटा माणूस बोलण्याची तयारी करून येतो, पण हाताला सवय नसेल तर ती एका दिवसात येत नाही. म्हणून जीभ ऐकायची आणि नजर हातावर ठेवायची. दुसरं असं, की ठाण्यात आलेल्या माणसाला त्याच्या धंद्यातलं जे कळतं ते आपल्याला कळतच नसतं. त्याला आधी बसू द्यावं, बोलू द्यावं. आणि वर्दीतल्या माणसानं कुणाची तारीफ करताना दहादा विचार करावा. आजी माझ्यावर विश्वास ठेवून त्या गाळ्याची पायरी चढली होती, हे मला आजही लागतं.

निवृत्त झालो त्या वर्षी हिवाळ्यात स्कूटरवरून माकणीकडे चाललो होतो. रस्त्यावर मेंढरं आडवी आली म्हणून थांबलो. मागून घोडं येत होतं, दोन्ही अंगांना सारखं ओझं. पाठीवर कोणी बसलेलं नव्हतं. आजी सगळ्यांच्या पुढे होती, काठी खांद्यावर आडवी टाकून. तिनं मला ओळखलं आणि लांबूनच ओरडली, "सायेब, उतरा! बसून बसूनच कंबर गेलीया तुमची. चला आमच्यासंगट, फुडच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायचीत."

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी स्कूटर कडेला लावण्यात उगीच वेळ घालवला. मग पुढच्या शिवारापर्यंत तिच्यामागून चाललो. वाटेत मी दोनदा थांबलो. ती एकदाही थांबली नाही.